चंद्रशिला : दुपारच्या आतले शिखर

गढवालमधील चोपता ते चंद्रशिला ही वाट जाऊन-येऊन जेमतेम दहा किलोमीटरची. चोपता सुमारे २७०० मीटरवर, शिखर ४००० च्या आसपास आणि मध्ये पंचकेदारांपैकी तुंगनाथाचे देऊळ. देवळापर्यंत दगडी फरसबंदी असल्याने या चढाईला पुष्कळजण सहल समजतात. ऑक्टोबरात हा समज महागात पडतो.

सुरुवातीला खरसू आणि बुरांश यांचे दाट रान लागते. चढ वाढतो तशी झाडे खुजी होतात आणि ३३०० मीटरच्या सुमारास संपतात. या सीमेवरचा ठेंगणा बुरांश थांबून पाहावा. हिवाळ्यातल्या बर्फाच्या भाराने त्याचे खोड उताराकडे वाकलेले असते. जाड पान उलटले की खाली तांबूस लव हाताला लागते. त्यापुढे बुग्याल, म्हणजे उंचावरची गवताळ कुरणे. सह्याद्रीतले सडेही उघडेच, पण तिथे झाड अडते ते मातीवाचून. थंडीने झाड थांबावे एवढी उंची १६४६ मीटरच्या कळसूबाईलाही नाही. बुग्यालावर मातीची ददात नसते. तिथला उन्हाळा मात्र इतका थंड आणि तोकडा की उंच खोड धरायला तो पुरत नाही. शरदात हे गवत पिंगट होते, मधूनच तांबडे.

पावसाने धुतलेल्या हवेत माथ्यावरून चौखंबा (७१३८ मीटर), त्रिशूल, नंदादेवी (७८१६ मीटर) लख्ख दिसतात. पण बहुधा सकाळीच. ऊन तापले की दरीतली दमट हवा उताराने वर चढते, गार होते आणि दुपारच्या आत माथा धुक्यात जातो. म्हणून पहाटे चारला, डोक्याला विजेरी लावून निघण्याची पद्धत आहे.

तिचीही एक अडचण आहे. सावलीतल्या फरशीवर रात्री पाणी गोठते आणि पारदर्शक थर बसतो. ओला दगड आणि गोठलेला दगड विजेरीच्या उजेडात सारखेच दिसतात. अशा वेळी कडेच्या गवतावर उतरण्याचा मोह होतो, तो टाळावा. तुडवलेले बुग्याल सावरायला वर्षे लागतात. काठी टेकत, पूर्ण तळवा ठेवत सावकाश चालणे हाच त्यावर उपाय. सूर्योदय चुकला तरी चालेल.

माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण साठ टक्के असतो आणि चोपत्याहून सात-आठ अंश अधिक गारठा. मुंबई-पुण्याहून येणाऱ्याने किमान एक रात्र चोपत्याच्या परिसरात काढावी. डोके ठणकू लागले, मळमळले, तर शिखर समोर दिसत असले तरी खाली उतरावे. ऑक्टोबराच्या मध्यात सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, तेव्हा दुपारी बारानंतर वर रेंगाळू नये.

साधारण नोव्हेंबरच्या सुरुवातीला देवळाचे दरवाजे बंद होतात आणि देवाची चल मूर्ती मक्कूमठाला जाते. त्यानंतर वाटेवरच्या चहाच्या टपऱ्याही उघड्या मिळतीलच असे नाही. गरम पाण्याचा थर्मास खालूनच भरून घ्यावा.