पाच टिंबं

दोन राउटर, मधे एक फायबर, दोन्हीकडे ओएसपीएफ (राउटर एकमेकांना रस्ते सांगतात ती बोली) चालू करायचं आणि त्यांना एकमेकांचे शेजारी करून द्यायचं. एवढंच काम. कोल्हापूरकडच्या एका छोट्या इंटरनेटवाल्याकडे मी लागून जेमतेम 3 आठवडे झाले होते. सर म्हणाले, "तूच कर. मी फोनवर आहे." वेळ रात्री 1 ची, कारण तेव्हा गिऱ्हाइकं झोपलेली असतात.

पहिला तास टायमरनेच खाल्ला. आमच्याकडे राउटर दर 10 सेकंदांनी 'हॅलो' पाठवतो. 40 सेकंद समोरून काही आलं नाही, तर शेजारी गेला असं धरतो. हे दोन्ही आकडे दोन्हीकडे तंतोतंत सारखे लागतात. एरिया नंबर आणि पासवर्डही. मी एका बाजूला हुशारी करून 5 आणि 20 टाकले होते. (लवकर कळावं म्हणून. काय कळावं, ते विचारू नका.) आकडे जुळवले आणि यादीत समोरचा राउटर उगवला. मी एकटीनेच टाळी वाजवली.

त्याच्यापुढे 'एक्सस्टार्ट' लिहिलं होतं. हवं होतं 'फुल'. वाटलं, होईल. दोनेक मिनिटांनी 'टू मेनी रीट्रान्समिशन्स' अशी ओळ आली आणि शेजारी डाउन. पुन्हा एक्सस्टार्ट, पुन्हा डाउन. पिंग मात्र एकही चुकत नव्हता! मी फायबर काढून टोकावर फुंकर मारली. "अगं, फुंकर काय मारतेस! थुंकी उडते त्यावर," सर फोनवरून ओरडले. "आधी डीबग लाव."

डीबगमध्ये स्वच्छ लिहून आलं: शेजाऱ्याचा एमटीयू मोठा आहे. एमटीयू म्हणजे एका घासात मावेल एवढं पॅकेट. अलीकडे 1500, पलीकडे 9000. पलीकडचा राउटर आधी स्टोरेजच्या जाळ्यात होता आणि त्याचं जुनं कॉन्फिगरेशन मी न वाचताच ठेवून दिलं होतं. हॅलोमध्ये एमटीयूचा उल्लेखच नसतो, म्हणून ओळखदेख बिनबोभाट होते. पुढे आपापल्या डेटाबेसची यादी द्यायची वेळ येते, त्या पॅकेटात हा आकडा असतो. तो आपल्या घासापेक्षा मोठा दिसला की छोट्या घासाचा राउटर पॅकेट सरळ टाकून देतो. भांडण नाही, नुसता अबोला. आणि हा त्याचा चक्रमपणा नव्हे; ओएसपीएफच्या नियमपुस्तकात, म्हणजे 1998 च्या आरएफसी 2328 मध्ये, तसाच नियम आहे.

तोडगाही मिळाला: एमटीयू-इग्नोर. अलीकडच्या राउटरवर एक ओळ टाकली आणि झालं फुल! सरांना सांगितलं. ते जरा वेळ गप्प राहिले.

"आता पलीकडून 4000 बाइटचा पिंग टाक. तुकडे करू देऊ नकोस."

टाकला. स्क्रीनवर सावकाश, एकेक करत, पाच टिंबं उमटली. एकही उत्तर नाही.

"आज रूट मूठभर आहेत म्हणून निभावलं. उद्या मोठा अपडेट निघाला की तो असाच गडप होईल, आणि तू फायबरला फुंकर मारत बसशील."

इग्नोरची ओळ काढली. पलीकडे 9000 चे 1500 केले. शेजारी एकदा पडला, उठला आणि काही सेकंदांत फुल झाला. खात्रीसाठी 1500 चा पिंग टाकला, पुन्हा तुकड्यांविना. या वेळी पाच उद्गारचिन्हं.

"सर, झालं!"

फोनमधून घोरण्याचा आवाज येत होता.