शेवटच्या खोलीतली ऊब

"आई, थंडी वाजतेय का गं?"

"छे रे, मला कुठे वाजतेय!"

अंगात दोन स्वेटर, वर शाल, डोक्याला मफलर आणि पायात माझे फुटबॉलचे मोजे अशा अवस्थेत आई हे म्हणत होती. यावरून काय ते समजा!

तर झालं असं की आई पहिल्यांदाच हिवाळ्यात आमच्याकडे इंग्लंडला आली. तिला दिली मागची, वरची खोली. शांत, बागेकडे खिडकी वगैरे. आम्ही तिथे कधी झोपत नसल्यामुळे तिथला रेडिएटर जेमतेम कोमट होतो हे मला माहीतच नव्हतं.

आधी रेडिएटरमधली हवा काढली. छोट्या किल्लीने स्क्रू सैल करायचा, फुस्स आवाज थांबून पाणी आलं की बंद. मग बॉयलरवरचा दाब पाहिला, सव्वा बार, म्हणजे ठीक. तरी फरक शून्य. शेवटी हॉलमधला थर्मोस्टॅट वाढवला. हॉलची भट्टी झाली, आईची खोली तशीच!

शेजारच्या आजोबांनी विचारलं, "रेडिएटर बॅलन्स केलेत का कधी?" मी अर्थातच चेहरा कोरा.

कारण अगदी साधं आहे. पाणी सोपी वाट धरतं. बॉयलरजवळच्या रेडिएटरमधून ते भसाभस फिरून परत येतं आणि लांबच्याच्या वाट्याला उरलंसुरलं. त्यात थर्मोस्टॅट हॉलमध्ये. हॉल तापला की त्याला वाटतं घर तापलं, आणि तो बॉयलर बंद करतो.

रेडिएटरच्या दोन्ही टोकांना व्हॉल्व्ह असतात. आकडेवाला आपण रोज फिरवतो. दुसरा प्लॅस्टिकच्या टोपणाखाली लपलेला असतो, तो लॉकशील्ड. सगळी गंमत त्याच्यात.

शनिवारी सकाळी सगळं थंड होऊ दिलं, सगळे व्हॉल्व्ह पूर्ण उघडले आणि हीटिंग लावलं. कुठला रेडिएटर आधी तापतो याची यादी करायचं काम आईकडे. कॅलेंडरच्या मागे तिने लिहिलं : १. हॉल, २. स्वयंपाकघर... ७. माझी खोली.

पुन्हा सगळं थंड करून हीटिंग लावलं आणि यादीतल्या पहिल्यापासून सुरुवात केली. लॉकशील्ड पूर्ण बंद करायचा, मग पाव फेरा उघडायचा. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या नळीचं तापमान मोजायचं. (चकचकीत तांब्यावर इन्फ्रारेड थर्मामीटर चुकतो, म्हणून नळीला काळी टेप लावली.) आमच्या बॉयलरसाठी साधारण १२ अंशांचा फरक हवा होता. फरक कमी असेल तर पाणी जास्त वेगाने जातंय, व्हॉल्व्ह किंचित आवळा. जास्त असेल तर किंचित सोडा. दर वेळी काही मिनिटं थांबायचं, मग पुढचा. शेवटचा बहुधा पूर्ण उघडाच राहतो.

मी हॉलमध्ये पान्हा घेऊन पालथा पडलेलो असताना आई म्हणाली, "हे म्हणजे आपल्या चाळीतल्या नळासारखंच की रे. खालच्यांनी नळ सोडले की वर आपल्याकडे नुसती हवा. म्हणून तर मी चारला उठून भरून ठेवायची."

मी पान्हा खाली ठेवला. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो. मी सातला उठायचो तेव्हा पिंप भरलेलं असायचं, रोज. ते कोण भरतं, कधी भरतं, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. खालच्यांचा नळ आणि माझी झोप, दोन्हीच्या शेवटी आईच होती म्हणायची.

आणि आता तिला माझ्याच घरात शेवटच्या नळावर ठेवलं होतं मी.

दुपार गेली सगळी त्यात. हॉलचा व्हॉल्व्ह जेमतेम पाऊण फेरा उघडा राहिला. हॉल आता सावकाश तापतो, पण तोवर मागची खोलीही तापते. थर्मोस्टॅट मी परत २० वर आणला.

रात्री डोकावलो तर आई एका स्वेटरवर, मफलर खुंटीला.

"आता बरं वाटतंय," ती म्हणाली. "पहिला आठवडा फार थंडी होती रे."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही हॉलमध्ये छान बसला होतात."

असो. तेव्हापासून एक सवय लागलीय. मागच्या खोलीत कुणी उतरलं की 'थंडी वाजतेय का' विचारत बसत नाही. जाऊन रेडिएटरला हात लावून बघतो.