पृष्ठफळ उलगडून पाहा

रत्नागिरी

चि. बाळ,


पृष्ठफळाची सूत्रं पाठ होतात, पण पेपरात एकमेकांत मिसळतात, असं तू फोनवर म्हणालीस. मग पाठ करूच नकोस. वस्तू उलगड.

पडवीतलं पाण्याचं पिंप आठव. त्याचा पत्रा मनातल्या मनात उभा कापून सरळ केलास तर आयत मिळतो. एक बाजू पिंपाचा परीघ, दुसरी उंची. २πrh म्हणजे एवढंच. व्यास ७० सेमी आणि उंची १०० सेमी धर: २२० गुणिले १००, म्हणजे २२,००० चौ. सेमी. रंगवायचं असेल तर झाकणाचे ३,८५० मिळव. तळ जमिनीला टेकलेला, तो सोड. काय धरायचं नि काय सोडायचं हे सूत्र सांगत नाही, प्रश्न सांगतो. मार्क जातात ते इथंच.

आता आजीची आंबापोळी. एक लिटर रस १० सेमी बाजूच्या चौकोनी डब्यात भरला, तर उन्हाला मिळतो फक्त वरचा १०० चौ. सेमीचा भाग. तोच रस ताटांत अर्धा सेमी जाड पसरला की २,००० चौ. सेमी! घनफळ तेच, उघडा पृष्ठभाग वीसपट. डब्यातला रस आंबून जाईल, ताटातला वाळतो. माझ्या मते धड्याची सुरुवातच इथून व्हायला हवी.

गोल मात्र उलगडत नाही. चेंडू कापून सपाट करू गेलं की तो फाटतो किंवा चुरगळतो. इथं मोठमोठे चुकले. गोलाचं पृष्ठफळ काढायला जुने गणिती लल्लाचार्य यांनी वर्तुळाच्या क्षेत्रफळाला परिघानं गुणलं. नीट बघ, यात लांबी तीनदा गुणली जाते. ही तर घनफळाची जात! सह्याद्रीच्या आश्रयाला राहणाऱ्या भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘सिद्धांतशिरोमणी’त ही चूक दाखवली. गोलाच्या पृष्ठाचे बारीक तुकडे कल्पून, त्यांची बेरीज करून, त्यांनी नियम पटवून दिला: मधोमध कापल्यावर दिसणाऱ्या वर्तुळाच्या चौपट. ‘लीलावती’त या पृष्ठाला त्यांनी चेंडूभोवतीच्या जाळ्याची उपमा दिली आहे. साडेआठशे वर्षांपूर्वीची ही बुद्धी पाहून मला आजही भरून येतं.

शंकू मी मुद्दाम तुझ्यासाठी ठेवला आहे. वाढदिवसाची कागदी टोपी उभी कापून टेबलावर पसर. कोणता आकार मिळतो ते बघ, त्यावरून सूत्र स्वतः काढ आणि मला कळव.

तुझे,
आबा