फेब्रुवारीतली माणसं

सिंधुदुर्ग हा लोकसंख्येने महाराष्ट्रातला सगळ्यात लहान जिल्हा. १ मे १९८१ रोजी तो रत्नागिरीतून वेगळा झाला, ओरोसला मुख्यालय आलं. २००१ साली इथे ८,६८,८२५ माणसं होती, २०११ मध्ये ८,४९,६५१ भरली. राज्य वाढत असताना आम्ही दहा वर्षांत एकोणीस हजारांनी घटलो. त्या मोजणीत मी प्रगणक होते, कुडाळ तालुक्यात, माझ्या शाळेच्याच गावात.

घरयादी केली २०१० च्या मे महिन्यात. मे म्हणजे चाकरमान्यांचा महिना. खळ्यात पोरांचा दंगा, ओटीवर फणस फोडायला बसलेली माणसं, विहिरीवर पाळी लावून पाणी. शिरगणती मात्र ९ ते २८ फेब्रुवारी २०११ अशी होती. तोच नजरी नकाशा घेऊन त्याच वाड्यांत गेले, तर घरामागून घर बंद. खळं सारवलेलं, तुळशीला पाणी घातलेलं आणि कुलपावर गंजू नये म्हणून प्लास्टिकची पिशवी बांधलेली. चावी शेजारच्या काकींकडे. तिन्हीसांजेला दिवा लावतात त्या.

एका घरात आजी एकट्याच. मी पत्रक उघडताच म्हणाल्या, “बाई, माझ्या झिलाचा नाव लिवा.” मुलगा मुंबईला. त्या वीस दिवसांत जो घरी आलाच नाही, त्याची नोंद तिकडे होणार, एक माणूस दोनदा मोजायचा नाही, हे मी समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “घर तेचा, सातबाऱ्यार नाव तेचा, मगे तो हयलो नाय कसो?” पत्रकात एकच ओळ भरली. स्त्री, विधवा.

अशा ओळी मी कितीतरी भरल्या. दर हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया, हा आमच्या जिल्ह्याचा आकडा कौतुकाने सांगितला जातो. मला त्यात गावाबाहेर गेलेले पुरुषच जास्त दिसतात.

मोजणीचा नियम बरोबरच आहे. बिघडतं ते पुढे, त्या आकड्यावर गाव चालवताना. ग्रामपंचायतीचे सदस्य लोकसंख्येवर ठरतात, आरोग्य उपकेंद्रही लोकसंख्येवर. सपाटीवर पाच हजारांमागे एक, डोंगराळ भागात तीन हजारांमागे. शाळेतले शिक्षक पटावर, आणि आमचा पट दरवर्षी खालीच. पण माणसं कमी झाली म्हणून वाड्यांमधलं अंतर कमी होत नाही. राहिलेली माणसं म्हातारी, त्यांना रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी चढ-उतार करत जावं लागतं. गणपतीत तर गाव माणसांनी फुलून जातं, आणि पाणी, डॉक्टर, एसटी मात्र फेब्रुवारीच्या हिशेबाने.

पुढची जनगणना १ मार्च २०२७ ची मध्यरात्र धरून होणार आहे, म्हणजे माणसं पुन्हा फेब्रुवारीतच मोजली जातील. ती तशी होऊ द्या. पण कुठलं घर कधी उघडतं, कुठे म्हातारं माणूस एकटं आहे, हे ग्रामसेवकांना आणि आशाताईंना माहीत असतं. ती माहिती गावोगाव लिहून घ्यावी, मे महिन्याची वेगळी, गणपतीची वेगळी, आणि जिल्हा नियोजन समितीने ओरोसला पैसे वाटताना जनगणनेच्या आकड्याशेजारी ती समोर ठेवावी.