नियम पाठ आहे, पण हात धुतले का?



आपल्या इंदूरच्या मराठी घरांतल्या बऱ्याच मुली हल्ली नर्सिंगला जातात. आमची नातही बी.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. चार वर्षांच्या या कोर्सात संशोधन आणि संख्याशास्त्रही असतं, गटानं एक प्रकल्प करावा लागतो.

बहुतेक गट ठरलेली वाट धरतात. प्रश्नावली भरून घ्यायची, व्याख्यान द्यायचं, पुन्हा तीच प्रश्नावली. गुण वाढतातच. टी-टेस्ट लावली की झालं! नातीच्या गटाचा विषय होता वॉर्डातली हातांची स्वच्छता. मी म्हटलं, "बेटा, तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे हव्यात, हा नियम बँकेत सगळ्यांना पाठ होता. ऑडिटर नियम विचारत नसे, रजिस्टर बघत असे."

"म्हणजे आबा, आम्ही मोजायचं?"

मॅडमनी होकार दिला, रीतसर मंजुरी मिळाली. जागतिक आरोग्य संघटनेनं हात स्वच्छ करण्याचे पाच क्षण सांगितलेत: पेशंटला हात लावण्याआधी, इंजेक्शन-ड्रेसिंगसारख्या कामाआधी, रक्त वगैरेशी संपर्क आल्यावर, पेशंटला हात लावल्यावर आणि त्याच्या खाटेला-सामानाला हात लागल्यावर. मुलींनी दोन रकाने आखले: क्षण आला, हात धुतले. नाव कुणाचंच नाही.

पहिले दोन दिवस सगळेच हात धूत होते, मुली बघताहेत म्हणून! पुढे दोन रकान्यांत चांगलंच अंतर पडलं. कारणही दिसलं. सॅनिटायझरची बाटली दाराशी, आणि एकेका सिस्टरकडे इतके पेशंट, की दरवेळी तिथवर जाणार कोण?

वरून कुणीतरी सुचवलं, आकडे जरा बरे दाखवा. नात रात्री रडकुंडीला आली. मी एवढंच म्हणालो, "ताळेबंद जुळवायला आकडा बदलला, तर चूक तशीच राहते, फक्त दिसत नाही." मॅडम मुलींच्या पाठीशी राहिल्या. आकडे तसेच गेले, सोबत कारणही. आज त्या वॉर्डात प्रत्येक खाटेशी बाटली आहे.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल आपल्याला हातात दिवा घेतलेली माहीत. पण क्रिमियन युद्धात सैनिक जखमांपेक्षा रोगांनी जास्त मेले, हे १८५८ साली आकृती काढून तिनंच दाखवलं होतं. मोजणं हे नर्सचं जुनंच काम आहे.

तुमच्या घरात कुणी नर्सिंगला असेल, तर मार्कांबरोबर हेही जरूर विचारा: प्रकल्पात काय मोजलंस?