कॅमेऱ्याचं वऱ्हाड

निवृत्त होणाऱ्या माणसाला घड्याळ का देतात, हे कोडं मला छत्तीस वर्षांच्या नोकरीत सुटलं नाही. वेळेवर पोचायचं असतं तोवर कुणी देत नाही, आणि कुठेच पोचायचं उरलं नाही की समारंभपूर्वक देतात. २०१० साली मलाही मिळालं. तेव्हा मी ठरवलं, की आपणच आपल्याला काहीतरी घ्यावं. फंडाचे पैसे आले होते आणि अजून कुणाच्या नजरेत भरले नव्हते. मी डिजिटल कॅमेरा घेतला. खिशात मावणारा साधासुधा नव्हे. भिंग बदलता येणारा, पोटात आरसा असलेला, गळ्यात अडकवला की लग्नघरात माणसं आपणहून वाट करून देतात, तसला.

"झालं ना आता मनासारखं?" हिने विचारलं.

"झालं," मी म्हणालो आणि खरंच मला तसं वाटलं होतं. पण कॅमेरा हा नवरदेवासारखा असतो. आपण होकार देतो एकट्याला, आणि मागाहून दारात अख्खं वऱ्हाड उतरतं. त्या वऱ्हाडातली केस, ग्रिप आणि चार्जर ही तीन मानकरी मंडळी. त्यांचे रुसवेफुगवे काढता काढता माझी निवृत्तीची पहिली आठ महिने कशी गेली ते कळलंच नाही.

पहिला मान केसचा. कॅमेऱ्याची केस म्हटली की माझ्या डोळ्यांपुढे अण्णांच्या आगफा क्लिक थ्रीची तपकिरी चामड्याची केस येते. पुढचं झाकण पट्टकन खाली लोंबायचं आणि चामड्याचा वास यायचा. त्या कॅमेऱ्याला बॅटरी नव्हती, चार्जर नव्हता. ऊन आहे की ढग, एवढीच त्याची चौकशी. एका रोळात बारा चौकोनी फोटो, आणि अण्णा ते बारा फोटो एका दिवाळीपासून दुसऱ्या दिवाळीपर्यंत पुरवायचे. "हसू नका, हलू नका" असं म्हणून ते बराच वेळ थांबत. त्यामुळे आमच्या घरातली सगळी मंडळी जुन्या फोटोंत नुकतीच वाईट बातमी ऐकल्यासारखी दिसतात.

म्हणून मी डेक्कन क्वीन पकडून मुंबईला, फोर्टातल्या बोरा बाजारात गेलो, तो चामड्याची केस घ्यायची असं ठरवून. दुकानदाराने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"साहेब, राहता कुठे?"

"पुण्यात. पण गाव दापोलीजवळ. पावसाळ्यात जाणं होतं."

"मग चामडं विसरा," असं म्हणून त्याने ड्रॉवरमधून एक भिंग काढलं आणि उजेडासमोर धरलं. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे पसरले होते. "ही बुरशी. चामडं ओल धरून ठेवतं. चार महिने त्यात कॅमेरा ठेवलात तर काचेवरचा लेप खाऊन टाकते."

माझ्या बालपणातला तो वास त्याने एका वाक्यात बुरशीच्या खाती जमा केला. मग त्याने एकेक प्रकार मांडले. अर्धी केस, पूर्ण केस, कमरेला पिस्तुलासारखी लटकणारी होल्स्टर, पाठीवरची बॅग, आणि रबराची कड असलेली कडक पेटी. ही शेवटची पाण्यात पडली तरी तरंगते म्हणाला. मी पोहायला शिकलेलो नाही. कॅमेरा तरंगत असताना मी कुठे असेन, हा विचार मनात येऊन मी होल्स्टर घेतली. सोबत त्याने सिलिका जेलच्या पुड्या दिल्या. निळे खडे गुलाबी झाले की ओल शोषून त्यांचं पोट भरलं असं समजायचं. बुरशीवर खरा उपाय म्हणजे घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि त्यात ते खडे. हा डबा मला घरातच मिळाला. हिच्या लाडवांचा होता. तो मी न विचारता घेतला ही माझी चूक झाली, हे मी इथे जाहीरपणे मान्य करतो.

दुसरी मानकरीण बॅटरी ग्रिप. हिच्याबद्दल मला काहीच माहीत नव्हतं, पण एका लग्नात फोटोग्राफरच्या कॅमेऱ्याखाली एक जादा मजला पाहिला आणि आपला कॅमेरा मला एकदम बैठा वाटू लागला. पुन्हा बोरा बाजार. ग्रिप म्हणजे कॅमेऱ्याच्या तळाला, स्टँडच्या स्क्रूच्या भोकात पक्की होणारी मूठ. कॅमेऱ्याचं बॅटरीचं झाकण काढायचं, तिथून हिची मान आत सारायची आणि खालून चक्री पिळायची. पोटात दोन बॅटऱ्या राहतात. शिवाय कडेला दुसरं बटण. म्हणजे कॅमेरा उभा धरला तरी बोट सरळ बटणावर येतं, कोपर शेजाऱ्याच्या नाकाशी जात नाही.

"कंपनीची देऊ की दुसरी?" दुकानदाराने विचारलं. कंपनीची जवळजवळ तिप्पट महाग होती. दुसरी दिसायला तशीच, पण जोडल्यावर किंचित डुगडुगत होती. आमच्या घरी एक डुगडुगणारं टेबल आहे. त्याखाली पुठ्ठ्याची घडी घालण्यात माझी वीस वर्षं गेली. मी कंपनीची घेतली. तिच्याबरोबर एक जादा खण मिळाला. त्यात सहा पेन्सिल सेल बसतात. मूळ बॅटरी ७.२ व्होल्टची. साधे पेन्सिल सेल दीड-दीड व्होल्टचे, सहांचे नऊ होतात, आणि तेवढं कॅमेरा चालवून घेतो.

घरी आल्यावर हिने हिशेब मांडला. "पुस्तिकेत लिहिलंय, एका बॅटरीत हजाराच्या आसपास फोटो निघतात. तुम्ही दिवसाला किती काढता?"

"चार."

"म्हणजे एकच बॅटरी आठ महिने पुरते. मग दोन कशाला? आणि ही पेन्सिल सेलची पेटी कशाला?"

"प्रसंग काही सांगून येत नाही," मी म्हणालो. हे वाक्य मी विम्याच्या एजंटाकडून उचललं होतं. वर्षातून एकदा ते उपयोगी पडतं.

ग्रिप लावलेला कॅमेरा होल्स्टरमध्ये घालायला गेलो तर जाईना. एक मजला चढला, घर तेवढंच! कुठल्याही शहाण्या माणसाने आधी ग्रिप घ्यावी आणि मग केस. मी उलट केलं. सहा खिसे असलेली मोठी बॅग घ्यावी लागली. होल्स्टर हिने चष्म्यांसाठी घेतली. तिथे ती लाडवांच्या डब्याची भरपाई म्हणून अजून आहे.

तिसरा मानकरी चार्जर. कंपनीचा होताच, पण दोन बॅटऱ्यांना एकच चार्जर म्हणजे दोन भावांत एक सायकल. म्हणून मी एक स्वस्तातला जोडचार्जर आणि त्याच्यासोबत मिळणारी तिसरी बॅटरी घेतली. ती बॅटरी आत सारताच कॅमेऱ्याच्या पडद्यावर सूचना उमटली, की या बॅटरीशी संपर्क होऊ शकत नाही, तरी वापरायची का? एकाच घरात राहून बोलणं बंद! आमच्या वाड्यात दोन जावा होत्या त्यांची आठवण झाली. पुढे दोन महिन्यांत ती बॅटरी फुगली. फुगलेल्या बॅटरीला टोचू नये, दाबू नये, चार्ज तर मुळीच करू नये, एवढं ज्ञान मला त्या पैशांत मिळालं.

शेजारच्या काकांनी आणखी सल्ला दिला. "बॅटरी संपूर्ण उतरल्याशिवाय चार्ज करायची नाही. तिला सवय लागते." मी महिनाभर तसं केलं. मागाहून समजलं, की तो नियम जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांचा. लिथियमच्या बॅटरीला असली सवय लागत नाही, उलट तिला पार उपाशी ठेवलेलं सोसत नाही. या लिथियम बॅटऱ्या १९९१ साली बाजारात आल्या आणि २०१९ साली त्यांच्यासाठी तिघांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांतल्या एकाचं आडनाव गुडइनफ, म्हणजे 'पुरेसं चांगलं'. हे आडनाव मला नऊ वर्षं आधी कळतं तर डेक्कन क्वीनचं बरंच भाडं वाचलं असतं.

हे सगळं ज्या प्रसंगासाठी चाललं होतं तो मे २०११ मध्ये आला. गावी आईचं सहस्रचंद्रदर्शन होतं. आईने हजार पौर्णिमा पाहिल्या होत्या आणि तिचा चांगला मोठा फोटो मात्र एकही नव्हता. आदल्या रात्री मी दोन्ही बॅटऱ्या दोन चार्जरना लावल्या. नारिंगी दिवा एकदा लुकलुकतो, मग दोनदा, मग तीनदा, आणि पोट भरलं की हिरवा होतो. ते हिरवे दिवे बघूनच मी झोपलो. पहाटे निघालो. ताम्हिणीचा घाट, भाऊबंद, आंबे, गडबड. सकाळी आईला पाटावर बसवलं, दिव्यांची ताटं तयार झाली, वहिनी म्हणाल्या, "भावजी, कॅमेरा?" मी ऐटीत बटण सरकवलं.

कॅमेरा मुका. ग्रिप उघडली तर दोन्ही घरं रिकामी. बॅटऱ्या पुण्यात होत्या. भिंतीवर, चार्जरमध्ये, काठोकाठ भरलेल्या.

बॅगेच्या सहा खिशांत मला पाच पुड्या सिलिका जेल, दोन फडकी आणि एक आंब्याची वडी सापडली. पुतण्याच्या कॅमेऱ्यात बॅटरी होती, पण ती दुसऱ्या कंपनीची. तिची लांबी वेगळी, खाचा वेगळ्या. या कंपन्या आपल्या बॅटऱ्यांना परक्या घरात पाऊल टाकू देत नाहीत. पोरं मोबाईलवर फोटो काढत होती. ते मोबाईल पुढे बदलले, हरवले, एक विहिरीत पडला. त्या दिवसाचा त्यांतला एकही फोटो आज आमच्याकडे नाही.

"हे घ्या," मागून हिचा आवाज आला. हिच्या हातात तो पेन्सिल सेलचा खण होता. "मीच टाकला होता पिशवीत. म्हटलं, प्रसंग काही सांगून येत नाही."

खण होता, सेल नव्हते. गावच्या दुकानात टॉर्चचे जाडजूड सेल तेवढे मिळाले. मग घर धुंडाळलं. आईच्या बीपीच्या मशीनमध्ये चार निघाले. भिंतीवरच्या घड्याळातला एक, गजराच्या घड्याळातला एक. सहा झाले. कॅमेऱ्याने डोळा उघडला आणि लगेच मिटला. घड्याळ हे पळीपळीने आचमन करणारं, कॅमेरा तांब्याने पिणारा. त्याची तहान घड्याळाच्या सेलना झेपत नाही, आणि ओळीतला एक दमला की अख्खी ओळ दमते.

आता उरली पुतण्याच्या सात वर्षांच्या मुलाची रिमोटची मोटार. तिच्या रिमोटमध्ये नवे कोरे दोन सेल होते. तो ते मुठीत धरून उभा राहिला.

"आजोबा, देतो. पण एक फोटो मी काढणार."

मी कबूल केलं. मुलींच्या लग्नातसुद्धा मी इतक्या चटकन काही कबूल केलं नव्हतं.

"आई, तुझ्या मशीनचे सेल घेतलेत हं," मी म्हणालो.

"घे रे. माझं बीपी फोटो झाल्यावर बघा," आई म्हणाली.

कॅमेरा सुरू झाला. किती फोटो निघतील सांगता येत नव्हतं, त्यामुळे मी प्रत्येक फोटो अण्णांसारखा जपून काढला. पण "हसू नका" असं म्हणालो नाही. औक्षणाचे, नातवंडांचे, सुनांचे मिळून अठ्ठावीस निघाले. मग आईने हात वर केला.

"पुरे आता. तू इकडे ये, माझ्याजवळ बस."

"अगं, मी काढतोय ना..."

"तुझे अण्णा पण हेच म्हणायचे. जन्मभर सगळ्यांचे फोटो काढले. ते गेले तेव्हा पेपरात द्यायला फोटो मिळेना. रेल्वेच्या पासावरचा मोठा करून घेतला, त्यात निम्म्या तोंडावर शिक्का. ये तू."

मी गुपचूप तिच्याशेजारी बसलो. त्या पोराच्या हातात तो सव्वा किलोच्या वरचा ऐवज दिला. त्याला तो आडवा पेलेना. त्याने उभा धरला, आणि ग्रिपच्या कडेचं ते दुसरं बटण बरोब्बर त्याच्या बोटाखाली आलं. "आजोबा, हसा!" तो ओरडला. खट्ट झालं आणि कॅमेरा बंद पडला. पुन्हा काही तो उघडला नाही.

दमलेले चार सेल मशीनमध्ये परत घातले तेव्हा मशीननेही नकार दिला. डॉक्टर पुतण्याने पाऱ्याच्या यंत्रावर आईचं बीपी पाहिलं. ते माझ्यापेक्षा चांगलं होतं. मोटारीचे सेल पोराने पुन्हा रिमोटमध्ये घातले, तर मोटार उलट्या दिशेने दोन फूट जाऊन थांबली. त्याची भरपाई मी अजून देतो आहे.

आई २०१७ साली गेली. पेपरात द्यायला अठ्ठावीस फोटो होते. आमच्या भिंतीवर मात्र एकोणतिसावा आहे. तो वाकडा आलाय, माझं टक्कल वरून कापलंय, आणि आई तोंडाला पदर लावून हसते आहे. त्या एका फोटोसाठी ती तिप्पट किमतीची ग्रिप मला कधीच महाग वाटली नाही.

गेल्या महिन्यात मी पुन्हा बोरा बाजारात चौकशी केली. आता आरसा नसलेले कॅमेरे आलेत. वजनाला हलके, पण बॅटरी भराभर खातात. "तुमची जुनी ग्रिप याला बसणार नाही, नवी घ्यावी लागेल. केससुद्धा," दुकानदार म्हणाला. घरी येऊन मी हा विषय जरा लांबून काढला.

ही काही बोलली नाही. उठून आत गेली आणि लाडवांचा नवा डबा कपाटात ठेवून कुलूप लावून आली.