नारळावरची कुस्ती

दिवाळीच्या आगेमागे ओस पडलेली गावं चैत्रात पुन्हा भरू लागतात. पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, वडवणी, धारूर या बीडच्या डोंगरपट्ट्यातली कितीतरी माणसं निम्मं वर्ष पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडत असतात. गळीत हंगाम संपला की ट्रॅक्टरमागून ट्रॅक्टर गावात शिरतात. ट्रॉलीत भांडीकुंडी, कोपीचं म्हणजे फडावरच्या झोपडीचं सामान, एखादी शेळी आणि त्या सगळ्यावर बसलेली पोरं. बंद घरांची कुलपं निघतात, अंगणं सारवली जातात, पाच-सहा महिने आजीच्या हातचं खाल्लेली नातवंडं आईला बिलगतात. मुकादमाची उचल फिटली की अंगावर राहिली, हा हिशेब अजून व्हायचा असतो. विहिरींनी तळ गाठलेला असतो, रानात फारसं काम नसतं. आणि नेमक्या याच दिवसांत गावोगावच्या जत्रा येतात.

जत्रेचा पहिला दिवस देवाचा. पालखी, नैवेद्य, रात्रीचा छबिना. दुसऱ्या दिवसाची दुपार कुस्त्यांची. गावाबाहेरच्या मोकळ्या रानात आदल्या दिवशीच नांगर फिरलेला असतो, ढेकळं फोडून माती भुसभुशीत केलेली असते. तालमीतल्या हौद्याची माती निराळी. तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू आणि कापूर मुरलेला असतो. इथली माती साधी, ज्या रानात कालपर्यंत ज्वारीची धसकटं होती त्याच रानातली. उन्हं कलली की हलगी कडाडते आणि माणसं गोल धरून बसू लागतात. पुढे पोरं, मागे फेटेवाले, त्यांच्यामागे ट्रॉल्यांवर आणि लिंबाच्या फांद्यांवर चढलेले तरणे. वर्षभरात गाव इतकं भरलेलं पुन्हा दिसत नाही. कोण आला, कोण कारखान्यावरच मागे राहिला, कुणाची तब्येत उतरली, हे सगळं त्या गोलातच कळतं.

पहिली कुस्ती लागते ती सात-आठ वर्षांच्या पोरांची, नारळावरची. एकाचा लंगोट नवाकोरा लाल, दुसरा शाळेच्या चड्डीवरच मैदानात उतरलेला. दोघं वाकून मातीला हात लावतात, तो हात कपाळाला नेतात, मग मूठभर माती उचलून एकमेकांच्या खांद्यावर टाकतात. घामानं हात निसटू नये म्हणून ही माती टाकायची, पण त्या वयाच्या पोरांच्या अंगाला अजून घामच आलेला नसतो. थोरांना बघून शिकलेली ती रीत ते मन लावून पाळतात. सलामी झडते. कडेवरून वस्ताद ओरडतात, ‘‘पोरा, पट काढ, पट!’’ पोरगं खाली झेप घेतं, समोरच्याचा पाय धरतं, दोघंही धुळीत लोळतात, आणि एकाचे दोन्ही खांदे मातीला टेकले की हलगी टिपेला जाते. जिंकलेल्याला नारळ मिळतो. हरलेलं पोर ओठ दाबून उभं राहतं. त्याचा चुलता पुढे होऊन त्याच्या पाठीवरची माती झटकतो आणि पंच त्याच्याही हातावर रेवड्यांची पुडी ठेवतात. आपल्याला सगळ्या गावासमोर हरता येतं आणि तरीही गाव आपलंच राहतं, हे त्या वयात शिकायला याहून चांगली जागा माझ्या पाहण्यात नाही.

मग कुस्त्या चढत जातात. शंभराची, पाचशेची, हजाराची, आणि दिवस मावळायच्या सुमाराला शेवटची मानाची. जोड लावणं ही मोठी जबाबदारी. पंच दोन पोरं समोरासमोर उभी करतात, खांदा-मनगट बघतात, वजनाचा अंदाज घेतात. जोड विषम वाटली तर लोक कडेवरूनच नाही म्हणतात. कुस्ती रंगली की कुणीतरी उठून आपल्या खिशातले पन्नास इनामात घालतो, ध्वनिक्षेपकावर त्याचं नाव पुकारलं जातं, ते ऐकून दुसरा उठतो. सगळा कारभार वर्गणीवर आणि गावाच्या शब्दावर चालतो. वरच्या कुस्त्यांना सोलापूर, पुणे, कोल्हापूरकडचे पैलवान येतात आणि गावचं पोरगं त्यांच्याशी भिडलं की गोलातलं प्रत्येक माणूस आपल्या जागी बसल्या बसल्या डाव टाकत असतो.

नारळापासून मानाच्या कुस्तीपर्यंतच्या या पायऱ्यांसारखीच अमेरिकेत बेसबॉलच्या बड्या लीगखाली छोट्या लीगची उतरंड आहे. लहानलहान शहरांचे संघ बड्या संघांशी जोडलेले असतात आणि पोरं तिथं घडून वर जातात. २०२१मध्ये ही उतरंड आखडून जोडलेल्या संघांची संख्या १६०वरून १२०वर आणली गेली आणि कित्येक शहरांचं बड्या लीगशी असलेलं नातं तुटलं. ही बातमी वाचताना मला बीडच्या जत्रा आठवल्या. वरून पाहणाऱ्याला खालची पायरी म्हणजे खर्च दिसतो. गावातून पाहणाऱ्याला तिथं आपली संध्याकाळ दिसते, शेजाऱ्याचं पोर दिसतं.

पाटोद्याचा पैलवान राहुल आवारे याच मुलुखातून वर गेला. घरातच कुस्ती होती, वडील पैलवान. पुढे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्याला गुरू मिळाले ते हरिश्चंद्र बिराजदार. हेही मराठवाड्याचेच, लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे. १९६९चे महाराष्ट्र केसरी आणि १९७०च्या एडिनबर्ग राष्ट्रकुल स्पर्धेतले सुवर्णपदक विजेते. २०११मध्ये बिराजदार मामा गेले, पुढची वाटचाल राहुलनं काका पवारांच्या मार्गदर्शनाखाली केली. एप्रिल २०१८मध्ये गोल्ड कोस्टला ५७ किलो गटाच्या अंतिम लढतीत कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशीला १५-७ असं हरवून त्यानं राष्ट्रकुल सुवर्ण जिंकलं आणि ते गुरूला अर्पण केलं. गुरूच्या सुवर्णानंतर ४८ वर्षांनी शिष्याचं सुवर्ण आलं. पुढच्याच वर्षी नूर-सुलतानच्या जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटाचं कांस्यही त्यानं आणलं.

पाटोद्याच्या शेजारच्या आष्टी तालुक्यात मांडवा आहे. तिथल्या अविनाश साबळेनं २०२२मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसमध्ये रौप्य जिंकलं. सुवर्ण हुकलं ते अवघ्या पाच शतांश सेकंदानं. बीड शहरातला सचिन धस फेब्रुवारी २०२४मध्ये १९ वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात, भारताची ४ बाद ३२ अशी दाणादाण उडालेली असताना, ९६ धावा करून गेला. दुष्काळ आणि ऊसतोड यांच्याच बातम्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्याची ही कमाई आहे, आणि ती अभिमानानं सांगावी अशीच आहे.

पण या उजेडात खालची माती दिसेनाशी होऊ नये. आता वरची कुस्ती मॅटवर होते, तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत, गुणांवर. मातीत चितपट होईतो झुंजायची सवय लागलेल्या पोराला तिथं नव्यानं शिकावं लागतं. त्यासाठी तालुक्याच्या गावी मॅट हवी आणि शिकवणारा हवा, हे खरंच. त्याहून अवघड अडचण मात्र जोर-बैठकांच्या नेमाची आहे. आईबाप कोयता घेऊन निघाले की पोर एक तर त्यांच्याबरोबर कोपीवर जातं किंवा आजीपाशी राहतं. कोपीवर तालीम नसते आणि आजीच्या घरात दूध-तुपाचा खुराक परवडत नसतो. ऐन अंग भरायच्या वयात दर वर्षी पाच-सहा महिने मोडतात. नारळ जिंकलेली किती पोरं या खंडात हरवली असतील, याची नोंद कुठल्याच दप्तरात नाही.

म्हणून मला वाटतं, ऊसतोड कामगारांच्या मुलांची जिथं हंगामी वसतिगृहं आहेत तिथं हौदा खणावा, वस्ताद नेमावा, ताटात दूध वाढावं. २०२३मध्ये सांगलीत प्रतीक्षा बागडी पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली. आता जत्रेच्या गोलात मुलींचीही जोड लागायला हवी, आणि तीही पहिल्या कुस्त्यांपासून. बाहेरून आलेल्या नामांकित पैलवानाच्या इनामासाठी गाव हजारो रुपये उभे करतं, ते करावंच, तो गावाचा मान आहे. पण वर्गणीची वही उघडताना पहिलं पान पोरांच्या कुस्त्यांचं असावं. त्या पानावर इतकी रक्कम जमावी की नारळाबरोबर प्रत्येक पोराच्या महिन्याभराच्या दुधाची सोय होईल, जिंकलेल्याच्या आणि हरलेल्याच्याही. मानाच्या कुस्तीचं पान त्यानंतर.